पॅरलल फोन

मुंबईच्या ऑफिसने मला एका अटीवर घरी राहू दिलं होतं: महिनाभर इंटरनेट नीट चाललं तर तिथूनच काम कर, नाहीतर परत ये. जयगडच्या बाजूच्या आमच्या वाडीत मोबाइलची रेंज नावालाच. राहिली फोनची जुनी तार. तीच तार बोलणंही नेते आणि इंटरनेटही. फोनला फिल्टरची छोटी डबी लावली की दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, एवढं मी मोडेमबरोबरची माहिती वाचून समजून घेतलं. आईच्या फोनला डबी लावली, मोडेमचे दिवे लागले आणि मी स्वतःवरच खूश झाले.

ती खुशी दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्येच संपली. दापोलीच्या मावशीचा फोन आला, आई बोलायला बसली आणि माझं इंटरनेट गेलं. मग रोज तेच. मला धीर असा नाहीच. मी वायरी उपटल्या, डबी बदलली, आईवर खेकसले. साहेब विचारायचे, "परत गेलं का?" आणि मी महिन्याचे उरलेले दिवस मोजायचे. आईला या वयात एकटी ठेवून मला जायचं नव्हतं.

त्यात आईचं ते बोलणं. आमच्या वाडीत उद्या नळाला पाणी नाही, हे दापोलीच्या माणसाला कशाला सांगायचं? तेही ओरडून, दोनदोनदा!

शेवटी लाइनमनला बोलावलं. त्याने बाहेरच्या खांबाकडे बोट दाखवलं. "ही दुसरी तार पलीकडं गेलीय. फोन दोन्हीकडं वाजतो. तिकडं कोणी उचलला की तुमचा नेट पडतो. तोडू काय?"

पलीकडे म्हणजे काकूकडे. बाबांच्या धाकट्या भावाची ही बायको. दोघा भावांचं चांगलं होतं तेव्हा एकाच फोनचा पॅरलल, म्हणजे त्याच नंबरचा दुसरा फोन, तिकडे नेला होता. पुढे आंब्याच्या कलमांमधल्या हद्दीच्या दगडी गडग्यावरून ते भांडले. आता दोघेही नाहीत, पण जावाजावांचा अबोला अजून आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे काकू चोरून ऐकते आपलं!"

"माहिताय मला," आई शांतपणे म्हणाली. "नायतर तिला पाण्याचा सांगणार कोण? तार तोडायची नाय."

मग काकूच्या फोनला लावायला दुसरी डबी घेऊन मीच गडगा ओलांडला. काकू काय म्हणेल, दारातूनच हाकलेल का, काही कळत नव्हतं.

"ये गो बाय," एवढंच ती म्हणाली. मी तिच्या फोनला डबी लावत होते तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "ह्याच्यामुळं आता ऐकायला येणार नाय काय?"

माझा सगळा राग तिथेच ओसरला. "येईल काकू. आई आता दापोलीला फोन लावेल. उचलून बघा."

घरी येऊन मी आईला फोन लावायला सांगितलं आणि मोडेमसमोर जाऊन बसले. दिवे गेले नाहीत. पुन्हा पुन्हा बघितलं, तरी लागलेलेच होते. नेट टिकलं अशी आईला खूण केली. ती नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली, "पोरगी आता हितंच राहतेय हां. मुंबईला जात नाय."

"बरा झाला."

रिसीव्हरमधला तो आवाज मलाही ऐकू आला. मावशीचा नव्हता.

मध्येच कोण बोललं, मावशी विचारत होती. आईने खिडकीतून गडग्यापलीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "आमची धाकटी."