दोनशे छत्तीस म्हणजे वीस मागे

माझी मावशी शिंपीण. त्यातही कपडे शिवण्यापेक्षा कपड्यांवर नावं आणि बिल्ले भरून देणं हे तिचं खरं काम. घराच्या पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन आहे. चांगलं कपाटाएवढं. रंग उडालेला, एका बाजूला फ्लॉपी सरकवायची फट, आणि वर दोन ओळींचा हिरवा पडदा. मावशीने ते घेतलं तेव्हा मी शाळेत होते. आता मी शाळेत शिकवते, आणि मशीन अजून चालतंय.

चालत होतं ते एका जुन्या कॉम्प्युटरच्या जिवावर. त्यात मशीनबरोबर आलेला प्रोग्राम होता. मावशी त्यात नक्षी काढायची, फ्लॉपीवर उतरवायची आणि फ्लॉपी मशीनला द्यायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या कॉम्प्युटरने खटखट असा आवाज केला आणि मान टाकली. हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर प्रोग्रामही गेला. मूळ फ्लॉपीला बुरशी लागलेली. मशीन बनवणारी कंपनी तर कधीच बंद पडली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अग्निशमन दलाचं काम आलं होतं. नवे गणवेश, एकशे बत्तीस माणसं, प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नाव. तीन महिन्यांची मुदत. जुन्या फ्लॉप्यांवरच्या तीनशे नक्ष्या मशीन अजून वाचत होतं, पण नवं एक अक्षरही भरता येत नव्हतं.

मशीनची दुरुस्ती करणारा एजंट येऊन बघून गेला. त्याने नव्या मशीनचं रंगीत पत्रक पुढे ठेवलं आणि हे आता भंगारात द्या म्हणाला. मावशीने पत्रकाची घडी घातली.

"मशीनला काय झालंय?" तिने विचारलं.

"मशीनला काही नाही. पण त्याची भाषा आता कुणाला येत नाही."

"म्हणजे बिघाड माणसांत आहे," मावशी म्हणाली. एजंट हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती जुनी फ्लॉपी घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. तो चाळिशीचा, बोलायला मोकळा माणूस. अडगळीतून त्याने फ्लॉपी वाचणारा एक डबा शोधून काढला, नव्या कॉम्प्युटरला जोडला आणि फाइल उघडून दाखवली. चित्र वगैरे काही नव्हतं, पडदाभर नुसते आकडे. ताई, कुठलीही फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची माळ, त्याने समजावलं. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्नच्या मधला. या माळेचा अर्थ फक्त तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ठाऊक, असंही तो म्हणाला. आकडे दाखवणारं आणि बदलू देणारं ते छोटं सॉफ्टवेअर घातलेला एक वापरलेला कॉम्प्युटर आणि तो डबा त्याने मावशीला वापरायला दिला. हे तिच्याच्याने होईल असं आपल्याला अजिबात वाटलं नव्हतं, हे त्याने मला नंतर कबूल केलं.

मावशी मात्र त्याच्यापेक्षा एका बाबतीत पुढे होती. त्या आकड्यांमधून शेवटी काय निघतं ते तिच्या कपाटात कापडावर शिवलेलं होतं.

तिने सगळ्यांत साधी नक्षी निवडली. दोऱ्याचा ताण तपासायला ती नेहमी एक छोटा चौकोन शिवून बघायची. भिंग घेऊन तिने त्याचे टाके मोजले. एका बाजूला दहा, एकूण चाळीस. एक टाका दोन मिलिमीटरचा. मग त्याच चौकोनाची फाइल उघडली. सुरुवातीला नाव आणि बरंच काही अगम्य होतं, त्यात एक चाळीसही होता. पुढे मात्र वीस, शून्य, वीस, शून्य, असं दहा वेळा. मग शून्य, वीस, शून्य, वीस, तेही दहा वेळा.

वीस म्हणजे वीस दशांश मिलिमीटर, हे तिला लगेच कळलं. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. पण पुढे चौकोन मागे वळतो, तिथे आकडा होता दोनशे छत्तीस. एवढा लांब टाका तर कापडावर कुठेच नव्हता. दोन दिवस ती या दोनशे छत्तीसपाशी अडली होती. जेवताना बोटाने ताटाच्या कडेवर चौकोन काढायची.

तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं की चाललंय तरी काय. काका म्हणजे मावशीचे यजमान. पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होते, आता निवृत्त. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध तो पुसण्यापुरता. मावशीने सांगितलं की पुढे जाताना वीस येतो आणि मागे येताना दोनशे छत्तीस, आणि याचा काही केल्या मेळ लागत नाही.

काकांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "नव्याकोऱ्या मीटरवर मला कधी कधी नऊ हजार नऊशे ऐंशी दिसायचे. घरात माणसं राहायला येऊन आठवडासुद्धा झालेला नसायचा."

"मग?"

"मग काय. प्लंबरने मीटर उलटा बसवलेला असायचा. शून्याच्या मागे वीस गेला की तेवढेच दिसणार."

मावशीने हातातला घास खाली ठेवला. हा मीटर दोनशे पंचावन्नपर्यंतच होता, त्यानंतर पुन्हा शून्य. शून्याच्या मागे वीस म्हणजे बरोबर दोनशे छत्तीस. ती उठून कॉम्प्युटरपाशी गेली. मागे वळलेले वीसही टाके तिला आकड्यांत सापडले. काका म्हणे हात धुऊन आले आणि तिचं ताट झाकून ठेवलं.

वाचता आलं म्हणजे लिहिता आलं असं नाही. तिने एका विसाचा चाळीस केला, फ्लॉपी मशीनमध्ये घातली, तर हिरव्या पडद्यावर "फाइल चूक" असं आलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. तेव्हा तिला आठवलं की हाच चौकोन तिने एकदा दोन नावांनी ठेवला होता, एक आणि दोन असे आकडे लावून. दोन्ही फाइल तिने कागदावर उतरवल्या आणि पट्टी धरून ओळीने ताडून पाहिल्या. नावातला आकडा एकाने वाढला होता आणि अगदी शेवटचा आकडाही एकाने वाढला होता. बाकी सगळं तंतोतंत.

म्हणजे शेवटचा आकडा ही आधीच्या सगळ्यांची बेरीज होती, काकांच्या मीटरसारखी फिरून येणारी. तिने टाक्यात वीस वाढवले होते, म्हणून शेवटीही वीस वाढवले. मशीन सुरू झालं. चौकोनाची एक बाजू दोन मिलिमीटर बाहेर आलेली, टोकं न जुळलेली. तो वाकडा चौकोन तिने मला फोन करून शाळेतून बोलावून दाखवला. सुंदर काम झाल्यावरसुद्धा तिचा इतका खुललेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर ती थांबली नाही. आलेखाच्या वहीत तिने एकेक अक्षर टाक्याटाक्याने काढलं. ग्रंथालयातून पायथनचं, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेचं, पुस्तक आणलं आणि सकाळी सात ते नऊ धडे सोडवायला बसू लागली. तिथे काही अडलं की मला विचारायची. मी भूगोलाची बाई, मला काय कळणार. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला विचारायची. एका चुकीमुळे सुई कापड ताणून धरणाऱ्या रिंगवर आदळून तुटली, मग दुसरी तुटली, मग तिसरी. चुकलेले तुकडे तिने टाकले नाहीत. प्रत्येकावर तारीख आणि कारण लिहून भिंतीला टाचले. असे एक्केचाळीस झाले.

मुदतीला तीन आठवडे उरले असताना तिने पहिली वीस नावं भरली. छोटी नावं देखणी आली. लांबलचक नावं मात्र शेवटाकडे घसरत होती. शेवटचं अक्षर नावाच्या पट्टीच्या कडेला टेकलेलं. दुरुस्तीवाल्याने तिने लिहिलेला प्रोग्राम तपासला आणि त्याला चूक सापडेना. काका म्हणाले, लांब आडनावं असलेल्यांची बदली करायला सांग.

मावशीने रात्रीची झोप मोडली नाही. सकाळी उठून खिडकीच्या पडद्याचं कापड बेतायला घेतलं, आणि बेतता बेतता तिच्या लक्षात आलं. कापडावर खुणा करताना टेप नेहमी एकाच टोकापासून धरायचा असतो. मागच्या खुणेपासून पुढची खूण करत गेलं तर केसाएवढी चूक दर वेळी वाढते. तिचा प्रोग्राम नेमका तेच करत होता. अक्षर लहान करताना प्रत्येक टाक्याचा उरलेला अपूर्णांक सोडून द्यायचा आणि पुढचा टाका तिथून मोजायचा. दोनशे टाक्यांनंतर घसरण दिसणारच. तिने सगळी मापं पहिल्या टाक्यापासून घ्यायला लावली. चार ओळी बदलल्या. सगळ्यांत लांब नाव सरळ रेषेत उभं राहिलं.

वीसच्या वीस नावं तिने उसवली. छोटी चांगली आली होती ती तरी राहू दे, असं मी म्हटलं.

"शेजारी उभे राहिले की फरक दिसेल," ती म्हणाली. "एकाच दलातली माणसं आहेत."

मुदतीच्या दोन दिवस आधी दलाचे अधिकारी गणवेश न्यायला आले. त्यांनी एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यावरून अंगठा फिरवला आणि मशीन नवं घेतलंत का, असं विचारलं. मावशीने नाही एवढंच सांगितलं.

पुढे दुरुस्तीवाल्याच्या आग्रहाने तिने प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला, कुणालाही फुकट घेता येईल असा. तिला वाटलं होतं कोण बघणार. दोन महिन्यांत पत्रं येऊ लागली. कुणाच्या तळघरात असंच मशीन धूळ खात होतं, कुणी टोप्यांवर नावं भरायचं. एका प्रोग्रामरने लिहिलं की तुमची पद्धत ओबडधोबड आहे, मी सगळं नव्याने लिहून देतो. मावशीने आनंदाने होकार दिला, फक्त ओळींच्या मध्ये लिहिलेल्या टिपा काढू नका असं बजावलं. त्या टिपा अशा आहेत: इथे दोरा तोडा. इथे ताण सैल करा. मागच्या खुणेपासून मोजू नका.

गेल्या महिन्यात आणखी एक पत्र आलं. वेगळ्याच कंपनीचं मशीन, वेगळीच फाइल, चाळीस हजार आकडे, आणि विनंती की याचा अर्थ लावून द्या. मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं. मग मला शेजारी बसवून, दोन बोटांनी टाइप करत, उत्तर लिहिलं.

"नुसत्या आकड्यांवरून मला सांगता येणार नाही. यातून शिवून निघालेलं कापड आधी पाठवा. साधा चौकोन असेल तर उत्तम."