समोरचे टेबल

आमच्या गावी माणूस कोणत्या पक्षाचा हे विचारावे लागत नसे. तो कोणत्या वाडीचा एवढे कळले की पुरे. वरची वाडी एका पक्षाची, खालची दुसऱ्या. कारण कुणालाच धड सांगता येत नसे. वडील म्हणत, फार पूर्वी एका उमेदवाराची जीप चढावर अडकली, ती आमच्या वाडीने ढकलली. दुसऱ्याची ओहोळात रुतली, ती खालच्या वाडीने ओढून काढली. ज्याने ज्याची जीप काढली, तो त्याचा झाला. पुढे शेताच्या बांधाप्रमाणे तो कलही मुलांकडे आला.

माझी आई खालच्या वाडीची. मतदानाच्या दिवशी शाळेपासून जरा लांब, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पक्षांची दोन टेबले लागत. एकावर वडील, समोर आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा. आई नवऱ्याकडून चिठ्ठी घेई आणि मत देऊन आली की भावाच्या टेबलाशी टेकून चहा पिई. शिक्का कुठे मारला, हे तिने दोघांनाही कधी सांगितले नाही.

वडिलांचा, आमच्या अप्पांचा, एक दंडक होता: समोरचे टेबल लागल्याखेरीज आपले मांडायचे नाही. "एकट्यानं बसून बोलायचं कुणासंगं?" असे ते म्हणत. मामाचा टोमणा ठरलेला असे, "वरच्या वाडीला वारं लौकर, पाणी उशिरा!" त्यावर आमच्याकडून जाई, "खालच्या वाडीत पाणी आधी, म्हणून चिखल बी आधी!" दर निवडणुकीला हेच, आणि लोक दर वेळी नव्याने हसत. मी फणसाखाली उभा राहून ऐकत असे. मध्ये बोलण्याचा धीर मला कधी झाला नाही.

वडिलांनंतर त्यांच्या जागी माझा थोरला भाऊ, अण्णा, बसू लागला. मी शिक्षकाच्या नोकरीसाठी खानापूरला गेलो, तरी मत गावातच राहू दिले. मतापेक्षा मला त्या दिवसाचीच ओढ अधिक होती, असे आता वाटते.

पुढे गावाभोवतीच्या, वाघांसाठी राखलेल्या जंगलातून बाहेर पडायचे खालच्या वाडीने ठरवले आणि सरकारी मोबदला घेऊन ती रामनगरच्या बाजूला गेली; वरची वाडी मागे राहिली. जाताना मामाने आपले टेबल अण्णाच्या पडवीत ठेवले. "तिकडं त्याला काम न्हाई. निवडणुकीला येतो की." पहिल्या खेपेस मतदारयादीत नावे इथेच होती, तेव्हा सारी वाडी टेम्पो करून आली. मत दिल्यावर बायका आपापल्या पडलेल्या घरांमागे जाऊन ओटीत कोकमाचे रातांबे वेचून घेऊन आल्या.

यंदा नावे तिकडे गेली. मामा फोनवर एवढेच म्हणाला, "सकाळी हितलं मत घालतो, आन् दुपारच्या बसनं येतो. बघू."

अण्णाने सकाळी दोन्ही टेबले स्वतः आणली. समोरच्या टेबलाला मामाच्या पक्षाचा झेंडाही त्यानेच बांधला.

"पक्ष बदललास व्हय रे?" मताला आलेल्या शेजारच्या काकूने विचारले.

"गप, काकू. पावणा यायचाय."

दुपारची बस आली. कंडक्टरने एक पोते उतरवले आणि बस पुढे गेली. ती वळणाआड होईपर्यंत अण्णा पाहत राहिला. मग आपल्या टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागला.

"काय करतोस?" मी विचारले.

"काढतो दोन्ही. अप्पा काय सांगायचे, ठावं हाय न्हवं?"

मतदान संपायला अजून अवकाश होता. मी रस्ता ओलांडला आणि मामाच्या जागी बसलो. उन्हाने टेबल तापले होते. तिथून अण्णा मला थेट वडिलांसारखा दिसला.

"वरच्या वाडीला..." मी पुटपुटलो.

"मोठ्यानं की रे मास्तरा!" काकू म्हणाली. "पोरांवर वरडतोस तसं वरड!"

"वरच्या वाडीला वारं लौकर, पाणी उशिरा!"

अण्णाने हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "खालच्या वाडीत पाणी आधी," तो म्हणाला, "म्हणून..." पुढचे काकूनेच पुरे केले, आणि हसली मात्र एकटीच.

संध्याकाळी चढावर, जिथे फोनला रेंज येते तिथे, आम्ही दोघे गेलो. अण्णाने मामाला फोन लावला.

"पाय सुजलाय रे," मामाचा आवाज आला. "मत घातलं. मशीन तसलंच, शाई बी तसलीच. पण भाईर आलो तर कोण कुणाचा कायच कळंना. चिडवायला बी कुणी न्हाई." मग त्याने विचारले, "माझं टेबल लावलं काय?"

"लावलं."

"कोण बसलं?"

अण्णाने फोन माझ्या हातात दिला.