व्हरांड्यातली मशीन

ओढ या भावनेला संस्कृताने 'उत्कंठा' असे नाव दिले आहे. मान उंचावून दूरवर पाहणाऱ्या माणसाचे चित्र त्या शब्दात उभे आहे. ज्याची ओढ लागली ते मिळवण्यासाठी माणसांनी काय काय केले, याच्या कथा आपल्याकडे विपुल आहेत. परंतु ज्याची ओढ लागली ते नुसते जगावे, कोमेजू नये, एवढ्यासाठी त्याच्याकडे पाठ करून बसणे ही निराळी गोष्ट आहे. ती तपाच्या कोटीतली आहे. असे तप करणाऱ्याला आपण तप करीत आहोत याची जाणीवही बहुधा नसते. तो आपल्या कामात असतो. परतवाड्याची पौर्णिमा अशी होती.

तिचे माहेर नांदगाव खंडेश्वरचे. अमरावतीला राहून तिने पदवी घेतली आणि लग्न होऊन परतवाड्याला आली. नवरा नितेश धारणीच्या वाटेवर प्रवासी जीप चालवीत असे. पौर्णिमा घरी शिवणकाम करी; लग्नसराईत पोलकी, जूनमध्ये शाळेचे गणवेश. पायाने चालवायची जुनी मशीन पुढच्या खोलीत, रस्त्याच्या उजेडाकडे तोंड करून ठेवलेली असे. घरात सासू मैनाबाई आणि एकुलती मुलगी आकांक्षा.

आकांक्षा पाचवीत असताना वर्गापुढे कविता म्हणताना अडखळली. वर्ग हसला, बाईंनाही हसू आवरले नाही. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. पण त्या दिवसानंतर मुलीने शाळेत तोंड उघडले नाही, आणि पुढे काही आठवड्यांत घरातही तिचा शब्द मावळला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासले. गळ्यात दोष नाही, मन मिटले आहे. बळजबरी करू नका, असे ते म्हणाले. वर्ष कसेबसे पूर्ण झाल्यावर आईबापांनी तिला शाळेतून काढले.

"घरात बसवली पोट्टी!" मैनाबाई सुनेला म्हणाल्या. "आता मशीनवर बसून मास्तरीण होतं काय तू?"

"कपडा बेतता येते मले, आई," पौर्णिमा म्हणाली, "तर धडाही बेतता येईन."

ते पहिले कित्येक महिने मुलगी ऐके, लिही, आणि गप्प असे. मग गणवेशांच्या दिवसांत एके दुपारी मशीन भरधाव चालली असता पौर्णिमेला आपल्या पाठीमागून काहीतरी कुजबुजल्यासारखे ऐकू आले. आकांक्षा तिच्या मागे सतरंजीवर पुस्तक घेऊन बसली होती. पौर्णिमेने ऐकण्यासाठी पाय थांबवला. कुजबुज थांबली. तिने वळून न पाहता पुन्हा पाय चालवला. बऱ्याच वेळाने मशीनच्या घरघरीखालून तो आवाज पुन्हा उमटला.

आपला आवाज कोणाच्या कानी पडत नाही, अशी खात्री पटल्यावाचून ते पाखरू घरट्याबाहेर येत नव्हते. हे पौर्णिमेला उमगले, आणि त्या क्षणापासून त्या घरातली शाळा मशीनच्या आवाजात भरू लागली. कापड असो वा नसो, दोरा ओवलेला असो वा नसो, मशीन चाले. आणि तिच्या आडून आकांक्षा इतिहास म्हणे, पाढे म्हणे, काय वाटेल ते बोले. नितेशच्या जीपमध्येही तेच. घाटाची चढण लागून इंजिन ओरडू लागले की मुलगी खिडकीकडे तोंड करून बोलत राही. स्टँडवर गाडी उभी राहिली की पुन्हा मुकी.

"कापड कोठी आहे वं? नुसती मशीन काहून चालवून राहिली?" मैनाबाई विचारीत.

"बसून राहिली तर गंज चढते, आई."

पुढे पुढे मैनाबाईही विचारीनाशा झाल्या. शेजारीण मशीनच्या आवाजाची तक्रार घेऊन आली, तेव्हा त्यांनीच तिला उंबऱ्यावरून परतवून लावले.

या व्यवस्थेत एकाच व्यक्तीच्या पदरी उणे पडत होते. मुलीचे बोलणे पौर्णिमेपर्यंत पोहोचे ते फाटून. कुठे शब्दाचा शेवट, कुठे नुसता स्वर. वळून ओठ पाहावेत, तर ओठ मिटत. त्या काळात मुलीचा बालस्वर सरला, तरुण मुलीचा स्वर आला. आणि जिच्या पाठीशी हे घडले, तिला त्याचा नुसता कानोसा होता. लेकीचा आवाज एकदा शांततेत, सबंध ऐकावा, ही एक ओढ तिच्या जिवाला लागून राहिली. ती तिने कोणाजवळ फारशी बोलून दाखवली नाही. नितेशला मात्र ठाऊक होती.

दहावीचे वर्ष आले, आणि बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायची वेळ झाली. लेखी परीक्षेचे भय कोणाला नव्हते. भय होते भाषांच्या तोंडी परीक्षेचे. अनोळखी शाळा, अनोळखी परीक्षक, आणि शांत खोली. पौर्णिमेला गुणांचे काही वाटत नव्हते. ज्या तऱ्हेच्या खोलीत मुलीचा आवाज गेला, तसल्याच खोलीत ती पुन्हा उभी राहणार होती. या वेळी मिटली तर मशीनच्या आडूनही पुन्हा उघडेल की नाही, ही तिची चिंता होती.

"नाही बसवत तिले परीक्षेले," नितेश जेवता जेवता म्हणाला. "माह्या जीपले कोणी सर्टिफिकेट मांगते काय?"

"मांगते न. म्हणून तं चौकात पोलीस दिसला का तुमी गल्ली पकडता."

मैनाबाईंना ठसका लागला. नितेशही हसला, पण घास त्याच्या हातातच राहिला. "आणि नाही बोलली तं?" तो म्हणाला.

उत्तर दुसऱ्या दिवशी मुलीनेच दिले. मशीन चालू असताना पाठीमागून आलेल्या बोलण्यातले 'परीक्षा' आणि 'देईन' एवढे दोनच शब्द पौर्णिमेच्या हाती लागले. तिने फॉर्म भरला.

तोंडी परीक्षेच्या सकाळी तिने नितेशला मशीन जीपमध्ये चढवायला सांगितले. त्याने एकवार तिच्याकडे पाहिले आणि मागची बाके दुमडली. केंद्र असलेल्या शाळेच्या आवारात मशीन उतरू लागली, तेव्हा शिपाई धावत आला.

"ओ वहिनी, शिवणकामाची परीक्षा इथं नाही!"

जमलेली मुले हसली. आकांक्षेने आईचा पदर धरला. तेवढ्यात परीक्षक बाहेर आल्या. सईदा मॅडम त्यांचे नाव. वय उताराला लागलेले. पौर्णिमेने त्यांना बाजूला नेऊन सारी हकीकत सांगितली.

"म्हणजे इम्तिहान पोरीचा का मशीनचा?" मॅडमनी विचारले.

"पोरीचाच, मॅडम. मशीन फक्त बाहेर चालन."

मॅडम मशीनपाशी आल्या. "मशीन आणू नये असं तर नियमात कुठं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात नको. व्हरांड्यात, खिडकीखाली ठेवा. आणि बेटा, तू ये. मला एका कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा माझ्याजवळच बस."

पौर्णिमा खिडकीकडे पाठ करून बसली आणि तिने पायडल चालवले. मशीनवर कापड नव्हते. व्हरांडाभर ती घरघर भरून राहिली. नितेश आवारात जीपपाशी उभा होता. तेथून त्याला खिडकीतून मुलीचे तोंड दिसत होते. ते बराच वेळ खाली होते. मग ते वर आले आणि ओठ हलू लागले. तो धावतच व्हरांड्यात आला.

"बोलून राहिली वं ते! मॅडमशी बोलून राहिली! थांबव थोडी, ऐक तं!"

ज्या क्षणाची तिने इतकी वर्षे वाट पाहिली, तो तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. पाय उचलण्याचाच अवकाश होता. पौर्णिमेने मान हलवली आणि पाय अधिक वेगाने चालवला.

"म्या थांबवली तं ते थांबन," ती म्हणाली. "तुमी जा खिडकीशी. तुमी ऐका."

नितेश मुलीला दिसू नये अशा बेताने कडेच्या गजांना कान लावून उभा राहिला. आकांक्षा मॅडमना घाटातल्या रस्त्याविषयी सांगत होती. कुठल्या वळणावर गाडी दमते, कुठे माकडे बसतात, कुठे धुके उतरते. तिचे बोलून संपेतो पौर्णिमेचा पाय थांबला नाही.

घरी परतताना आकांक्षा मागे मशीनला टेकून झोपी गेली. पौर्णिमेने नवऱ्याला हळूच विचारले, "कसा आहे हो आवाज तिचा?"

"तुह्यासारखा," नितेश म्हणाला.



आकांक्षा उत्तीर्ण झाली आणि अकरावीसाठी अमरावतीला वसतिगृहात राहू लागली. तेथे मैत्रिणींशी ती हळूहळू बोलू लागल्याचे कानी येई. सुटीत घरी आली की मात्र जुनी सवय पुढे येई. आईची मशीन सुरू होईतो ती गप्पच राही. पौर्णिमा कुरकुर न करता मशीनवर बसे. शांततेतले बोलणे येईल तेव्हा येईल, असे ती म्हणे. ते येणारच, याविषयी तिला शंका उरली नव्हती.

पुढच्या वर्षी पौर्णिमेला कावीळ झाली आणि यकृत निकामी होत गेले. अमरावतीच्या इस्पितळात ती थोडेच दिवस होती आणि बहुतेक वेळ ग्लानीत होती. आकांक्षा उशाशी बसून बोलत असे. खोली शांत होती. मुलगी उघड्या, स्वच्छ आवाजात वसतिगृहातले, वर्गातले, काय सुचेल ते सांगत असे. त्यातले आईपर्यंत किती पोहोचले, हे सांगता येणार नाही. चादरीखाली पौर्णिमेचा उजवा पाय मंद हलत असे. वेदनेने हलतो आहे असे समजून परिचारिकेने तो उशीवर ठेवला, तरी तो हलतच राहिला.

तिला जाऊन आता वर्ष झाले. मशीन परतवाड्याच्या घरी पुढच्या खोलीत आहे. मैनाबाई ती विकू देत नाहीत. आकांक्षा अमरावतीला शिकते आणि रोज संध्याकाळी वडिलांना फोन करते. तिचा फोन आला की नितेश जीप रस्त्याच्या कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि ऐकतो.