रस्त्याकडे तोंड असलेला नळ

सर गेल्याचं मला फ्लेक्सने सांगितलं. मी पुण्याहून बीडला परतत होते, फोन बंद पडलेला, आणि चौसाळ्याला बस थांबली तर समोर वाघमारे सरांचा चेहरा. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शेजारी हायवेपासून आत असलेल्या एका गावच्या पतसंस्थेच्या चेअरमनचा हात जोडलेला फोटो, सरांच्या दुप्पट मोठा. रडू नंतर आलं. आधी डोक्यात तिडीक गेली... महिना झाला, ती अजून उतरलेली नाही.

चौदा वर्षं मी सरांच्या ऑफिसात नकाशे काढले. आर्किटेक्ट होते, पण बोलायचे गवंड्यासारखे. भिंत जाड हवी, पश्चिमेला मोठी खिडकी नको, छतावरचं पाणी वाया जाता कामा नये, एवढंच त्यांचं शास्त्र. ऑफिसात एसी नव्हता. कुणी कुरकुरलं की माठाकडे बोट दाखवायचे.

त्या पतसंस्थेची इमारत त्यांचीच. छताचं सगळं पाणी अंगणाखालच्या टाकीत, आणि टाकीचा नळ बाहेरच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून. चेअरमन तेव्हाच म्हणाले होते, "सर, नळ आत घ्या. बाहेर ठिवला तर कुणीबी भरून नेईल."

"कुणीबी न्यावं म्हणूनच बाहेर हाय," सर म्हणाले.

सरांची आई दुसऱ्यांच्या विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर तशीच परत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही नकाशावरून मान न उचलता. पाण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, हे त्यांना छपरापेक्षा मोठं वाटायचं.

दोन दुष्काळ त्या नळाने गावाला हात दिला. मग संस्थेला बरकत आली आणि अक्कल गेली. पार्किंगसाठी टाकीत मुरूम भरला, नळाची जागा गिलाव्याखाली गेली, दर्शनी भिंत पाडून निळी काच आली. यंदा गावात टँकर चार दिवसांआड येत होता. मंत्री येणार म्हणून त्याच टँकरने काचा धुतल्या. सर ते बघून ऑफिसात आले. "मंगल, बाया हंडे घेऊन उभ्या हायत, आन् हे काचा धुवायलेत..." त्यानंतर पंधरा दिवसही जगले नाहीत. डॉक्टर हृदयविकार म्हणतात. मी त्या काचा म्हणते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.

शोकसभा त्याच इमारतीत झाली, एसी लावून. चेअरमन म्हणाले, "सरांनी आमाला पाण्याचं महत्त्व शिकिवलं." जीभ झडली नाही त्यांची! पुढे सरांच्या नावाचं सभागृह जाहीर केलं, चारही बाजूंनी काचेचं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "ताई, नकाशा तुमीच काढा."

"नळ कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"आता नळावर कोण येतंय? जार मिळतेत की."

सरांच्या ऑफिसात कच्च्या कामाला कोरा कागद कधी आला नाही. जुन्या नकाशांच्या पाठीवर लिहायचं, हा नियम. तो गठ्ठा अजून त्यांच्या टेबलावर आहे. त्यातून मी मुद्दाम पतसंस्थेच्या मूळ इमारतीचा कच्चा आराखडा शोधला, पाठीवर लिहिलं : 'सभागृहाचा नकाशा मी काढणार नाही. आधी टाकीतला मुरूम काढा, नळ रस्त्यावर आणा. तोवर सरांचं नाव भिंतीवर लावू नका.' सही केली आणि स्वतः नेऊन दिलं.

चेअरमननी मजकूर वाचला. मग कागद उलटला. जाड भिंती, अंगण, टाकी, नळ... बराच वेळ आडवा-उभा करून पाहिला.

"ही कोणती इमारत हाय, ताई?" त्यांनी विचारलं.