इंग्लिश आबांचा काउबॉय पिक्चर

इंग्लिश आबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मराठीतही सहीच्या जागी ते अंगठाच टेकवायचे. तरी शिरूर जिथं घोडनदीच्या अंगाला संपतं, तिथल्या वस्तीवर सगळे त्यांना इंग्लिश आबाच म्हणायचे. कारण हा माणूस आयुष्यात एकच सिनेमा मन लावून बघत आला, आणि तो इंग्रजी होता. वर्षातून चार-पाच वेळा तो लावण्याचं पाप माझ्या हातून घडायचं, त्यामुळे या बारशाला मीही थोडा जबाबदार आहे.

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत मी शिरूरमध्ये केबल चालवायचो. केबल चालवणं म्हणजे पावसात खांबावर चढायचं आणि उन्हात लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचं. दुपारी आमच्या लोकल चॅनलवर व्हीसीआरवरून एक सिनेमा सोडायचा रिवाज होता. माझं मूळ घर दौंडचं. तिथल्या रेल्वे क्वार्टरमधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब कायमचं परदेशी निघालं, तेव्हा त्यांनी जुन्या कॅसेटचं एक खोकं मला असंच देऊन टाकलं. त्यात ही कॅसेट होती. वर नाव नाही, आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांवर घरातल्या कुणाच्या तरी लग्नाचं रेकॉर्डिंग झालेलं. त्यामुळे लग्नाचा केक कापून झाला की आपण एकदम रखरखीत माळावर येऊन पडायचो.

गोष्ट म्हणावी तर एवढीच. एक उतारवयाचा गुराखी आणि एक विधवा बाई शे-दोनशे गुरं घेऊन त्या माळावरून रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जातात. दीड तासात गोळी एकदाच सुटते, तीही सापावर. पहिल्यांदा लावला त्या दिवशी मला फोन खाली ठेवायला मिळाला नाही. "काउबॉयचा पिक्चर लावलाय आन् मारामारी कुठं हाय?" असं विचारणाऱ्याला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले. मला वाटलं, हेही भांडायलाच आले. ते काउंटरला टेकून म्हणाले, "कालचं परत कवा लावणार?"

आबांचं घराणं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली होती. बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जायच्या, मुक्कामाची जागा बघून चूल पेटवायच्या. पुरुष मेंढरांच्या चालीनं दिवस मावळताना पोहोचायचे. सिनेमातली बाईही गाडी घेऊन पुढं जायची. ते बघून आबा मान डोलवायचे, "आमच्यात बी असंच. बाई पुढं गेल्याबिगर मुक्काम हुत न्हाई."

त्यांच्याबरोबर मी तो सिनेमा निदान सहा वेळा पाहिला. टीव्हीपासून हातभर अंतरावर, पायात पाय अडकवून ते बसायचे आणि पडद्यावरच्या गुराख्याला बोल लावायचे. म्होरकं जनावर मागं ठेवल्याबद्दल त्यांनी त्या हिरोला कधीच माफ केलं नाही. पण ती बाई आणि तो एका चौकटीत आले की त्यांचा आवाज खाली यायचा. "आता बग. त्यो उनाच्या अंगाला बसंल, सावली तिच्यावर पडाय पायजे म्हनून." आणि तो खरंच तिथं बसायचा. ती मागं न बघता दोर फेकायची आणि हा न बघता झेलायचा. पाण्याचं भांडं तिच्या हातून त्याच्या हातात जायचं, एक शब्द नाही. मी इतके सिनेमे दाखवले, त्यात नट-नट्यांना एकमेकांच्या डोळ्यांत बघून बघून दमलेलं पाहिलं होतं. ही दोघं एकमेकांकडं बघतच नाहीत आणि तरी दोघांमधली जागा रिकामी वाटत नाही, हे मला आबांनी दाखवलं.

त्यांचा एक सिद्धांत होता. "ही दोगं खरोखरची नवरा-बायकू हायेत. लिहून घे माझ्याकडनं. सोंग काढून असं चालता येत न्हाई." मी म्हणायचो, आबा, ते पैसे घेऊन काम करतात. आबा म्हणायचे, "पाय पैसं घिऊन चालत न्हाईत."

मावशी, म्हणजे आबांची बायको, हा सिनेमा कधी बघायची नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टीव्हीकडं पाठ करून ती काहीतरी निवडत बसायची. चहा झाला की मला सांगायची, "त्यास्नी म्हनावं, च्या घ्या." आबा तिथंच असायचे. आबांना साखर हवी असली तर तेही मलाच सांगायचे. मला आधी गंमत वाटली. नंतर कंटाळा आला. मग एकदा आबांनी आपणहून सांगितलं.

कालव्याचं पाणी रानात आलं, मुलाला कारखान्यात नोकरी लागली. आईबाप मेंढरांमागं फिरतात याची मुलाला लाज वाटायला लागली. मावशी भाच्याच्या लग्नाला वरवंडला माहेरी गेली होती, त्या आठवड्यात आबांनी सगळा कळप विकून टाकला. त्यात मावशीच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या मेंढ्यांची पैदास होती. मावशी परत आली तेव्हा मेंढरं कोंडायची नुसती जाळी उभी होती. "एक शबुद बोलली न्हाई," आबा म्हणाले. "जाळीची घडी घातली आन् माळ्यावर ठिवली. तवापास्नं आठ वरसं झाली. तिनं एकदा ह्ये बघाय पायजे रं. बघितलं म्हंजी तिला आठवंल, आपून बी असंच चालत हुतो." माफी मागा की, असं मी सुचवलं. आबा उठून चपला शोधायला लागले.

पुढं शिरूरमध्ये सायबर कॅफे आलं. कॅसेटच्या शेवटी येणारी नटांची नावं मी एका दुपारी तिथं शोधली. सिनेमा त्यांच्या देशातही पडला होता, कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. आणि ही दोघं नवरा-बायको तर नव्हतीच. शूटिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं काहीतरी बिनसलं आणि शेवटपर्यंत त्यांनी कॅमेऱ्यासमोरचं सोडून एक वाक्य एकमेकांशी बोललं नाही. मी हे आबांना सांगितलं नाही. सांगून मला काय मिळणार होतं?

त्याच सुमारास मोठ्या केबलवाल्यांनी माझ्या लाइनी घेतल्या. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, मी दमलो होतो. लोकल चॅनलच्या शेवटच्या दिवशी मी कॅसेट लावली आणि स्कूटर काढून आबांकडं गेलो. लग्नाचा केक कापून होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. चित्र आता इतकं झिजलं होतं की माणसं कुठं आणि धूळ कुठं ते कळत नव्हतं. मावशी उंबऱ्यात होती, पण त्या दिवशी तिचं तोंड आमच्याकडं होतं. पाण्याचं भांडं पुढं करण्याचा तो प्रसंग आला आणि ती म्हणाली, "ही बाई रुसलीया त्याच्यावर."

आबा गर्रकन वळले. पण विचारलं मलाच, "रुसलीया म्हनं. मग पानी कशाला देती?"

"पानी द्यावंच लागतं," मावशी म्हणाली, तीही माझ्याकडंच बघून. "वाट चालायची म्हनल्यावर पानी द्याचं ऱ्हातं व्हय? पर भांडं कसं धरलंय बगा. बोट लागू दीना. ह्यानं कायतरी केलंय. तिला इचारलं न्हाई."

सायबर कॅफेत बसून मला जे कळलं, ते या बाईला एका हातावरून दिसलं होतं. पडद्यावर गुरं नदीला लागली. मग आबा म्हणाले, "चुकलंच त्याचं. इचारायला पायजे हुतं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. उठून ती आत गेली नाही, शेवटपर्यंत तिथंच बसून तिनं सिनेमा पाहिला.

त्यानंतर दोघं पहिल्यासारखी बोलायला लागली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. येता-जाता मला दिसायचं ते एवढंच, की मावशी मावळतीला आबांसोबत अंगणात बसायची. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. फार आजारीही नव्हते, दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी दौंडला होतो, चार दिवसांनी भेटायला गेलो. मावशी त्याच उंबऱ्यात बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग ती म्हणाली, "त्या दिशी ते 'चुकलं' म्हनले, मला समाजलं हुतं, कुनाचं चुकलं म्हनत्यात ते. मी 'आसूंद्या' म्हननार हुते. तुझ्याम्होरं कसं म्हनायचं, म्हनून ऱ्हायलं. मग उद्या म्हनू, उद्या म्हनू करीत वरीस गेलं."

मी म्हणालो, "त्यांना कळलं असणार, मावशी." मला काहीच ठाऊक नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार?

"कळलं आसंल," ती म्हणाली. "पर म्हनायला पायजे हुतं."