टेकायचं नाही

लेण्याद्रीच्या तीनशेच्या घरातल्या पायऱ्या रिकाम्या हातानं चढून आलेले लोक वर कठड्याला टेकून हाशहुश करतात आणि जग जिंकल्यासारखा चेहरा करतात. सोमाजी त्याच पायऱ्या दिवसातून चार-पाच वेळा चढायचा, खांद्यावर डोली घेऊन. पुढं सोमाजी, मागं भागू, आणि मध्ये बांबूला बांधलेल्या खुर्चीत कुणाची तरी आजी. अकरा वर्षं ही जोडी मोडली नाही.

डोलीवाल्यांचा एक नेम होता. वर डोली उतरवली की टेकायचं नाही, रिकामी डोली घेऊन सावकाश खाली चालू लागायचं. जो टेकला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आलेच म्हणून समजा. सोमाजीच्या बापानं घालून दिलेला हा नेम सोमाजी इतका कडक पाळायचा, की बाकीचे त्याला मागून फौजदार म्हणत.

चौऱ्याण्णव सालच्या एका संकष्टीला तिसऱ्या खेपेनंतर भागू वरच्या दगडावर बसायला लागला. सोमाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं. उतरता उतरता मोकळा होशील, म्हणाला. भागू मुकाट्यानं उठला. शेवटच्या दहा-बारा पायऱ्या राहिल्या असताना तो खाली कोसळला तो उठलाच नाही.

गाव म्हणालं, वेळ आली होती. पण दहाव्याला आलेले एक शहाणे मास्तर सगळ्यांदेखत सोमाजीला म्हणाले, की दमलेल्या पायांत एक आम्ल साठतं, ते विषच असतं, माणूस बसला तरच ते निवतं. तुम्ही त्याला बसू द्यायला हवं होतं. मास्तर बोलून मोकळे झाले आणि एसटी धरून गेले. सोमाजीनं मात्र त्या दिवसापासून डोली सोडली. घरच्या मेंढ्या राखू लागला. दर दिवाळीला भागूच्या ओट्यावर बाजरीचं पोतं ठेवायचा आणि भागूची बायको भिमाबाई चहाचं विचारायच्या आत निघून जायचा.

बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची असलेली भागूची पोर, प्रांजल, दोन हजार पाच साली जुन्नरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. शरीरशास्त्राचा एक धडा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी ती माळावर सोमाजीला शोधत आली.

"काका, ते विष न्हाई," ती बसायच्या आधीच म्हणाली.

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. पाय जोरात राबले की त्यांच्या पेशींत लॅक्टेट तयार होतं, मास्तरांचं ते आम्ल म्हणजे हेच. पेशीच्या पडद्यात त्याच्यासाठी बारीक बारीक दारं असतात. त्यांतून ते बाहेर रक्तात येतं आणि शरीरभर फिरतं. शेजारचे संथ चालणारे स्नायू ते आत ओढून घेतात आणि इंधन म्हणून जाळतात. यकृत त्याची परत साखर करतं. आणि हृदय तर ते आवडीनं खातं. सावकाश चालत राहिलं की ते बसण्यापेक्षा लवकर खपतं. तुमच्या वडलांचा नेम बरोबर होता, ती म्हणाली, तुम्ही काही चुकला नाहीत.

सोमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इथं गप्प बसला असता तरी त्याला कुणी काही म्हटलं नसतं. पण जन्मभर नेम पाळलेल्या माणसाला गप्प बसणं जमलं नाही. त्यानं विचारलं, हृदयालाच रक्त पोचत नसलं तर?

मग त्याला ते जाळता येत नाही, प्रांजल म्हणाली, जाळायला प्राणवायू लागतो. उलट हृदयच लॅक्टेट बाहेर टाकायला लागतं. तसल्या माणसाला एक पाऊलसुद्धा चालवायचं नसतं.

"पोरी, भागू पाय दुखत्यात म्हनला न्हवता. छातीवर हात ठेवला व्हता त्यानं. मी बघितलं व्हतं."

प्रांजलनं विचारलं, आईला सांगितलंय का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. चला, ती म्हणाली, आणि उठली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा सोमाजी भागूच्या घरात शिरला. भिमाबाई तांदूळ निवडत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. भिमाबाईचे हात सुपावर थांबले.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी ह्यांनी मला बी म्हनलं व्हतं, छाती दुखती, आज ऱ्हाऊ दे का. मीच म्हनलं, संकष्टी हाय, सोमाजीभाऊ वाट बघत असतील, जावा."

प्रांजल दारातच उभी राहिली. हे तिनंही आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. सोमाजी भिंतीला टेकून खाली बसला.