केळ्याचा वास येणारी प्रयोगशाळा

साखर कारखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, बगॅससारखे आपोआप साठत जातात. आमच्या लॅबचे तर नव्वदच्या दशकापासून साठलेत. नगर जिल्ह्यातल्या त्या कारखान्यात आम्ही बगॅसमधल्या, म्हणजे उसाच्या चोथ्यातल्या साखरेपासून फरफ्युरल काढायचो. औषधांपासून रेझिनपर्यंत कुठेही चालणारं रसायन. सांगताना अजून कॉलर ताठ होते. होऊ द्या!

*

फरफ्युरल पाण्यातून वेगळं करायला बेंझिन लागायचं. त्या वासानं आमचे अटेंडंट शिंदेमामा रोज डोकं धरून बसायचे. घरी मामी त्यांना ओट्यावरच आंघोळ करायला लावायची.

एक दिवस आमच्या हेड, गायकवाड मॅडम, यांनी बेंझिनच्या ड्रमला कुलूप घातलं. म्हणाल्या, "माझ्या माणसाच्या डोक्यापेक्षा फरफ्युरल मोठं नाही."

चेअरमन भडकले. "सीझन संपेपर्यंत दुसरं काही जमवा. नाही जमलं, तर कुलूप मी तोडीन."

*

मॅडमनी बेंझिनऐवजी वापरायला कारखान्याच्याच अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेट बनवायला घेतलं. लॅबमध्ये जाणारे अल्कोहोलचे कॅन बघून एक्साइजचे साहेब चौकशीला आले. मॅडमनी तयार बाटलीचं बूच काढून त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी हुंगलं, पिकल्या केळ्याचा वास आला आणि चेहराच पडला.

"चांगल्या मालाचं केळं केलंत की हो मॅडम."

*

मॅडम मूळच्या दुष्काळी जामखेडच्या. तिकडे आंघोळीचं पाणीसुद्धा झाडाला जातं. वापरलेलं सॉल्व्हेंट, म्हणजे तेच इथाइल अ‍ॅसिटेट, मी बेसिनमध्ये ओतायला निघालो, तर त्यांनी हातच धरला.

"वाफ करून परत गोळा करा. थेंब वाया गेला तर उद्यापासून तुमचा चहा बंद."

तेच सॉल्व्हेंट आम्ही पुन्हा पुन्हा वापरलं आणि माल आधीपेक्षा स्वच्छ निघाला. त्या दिवशी आम्ही सगळे उगाचच छाती काढून चालत होतो.

*

सीझनच्या शेवटी चेअरमन आले. बाटली उजेडात धरून म्हणाले, "माल झकास आहे. पण बेंझिननं काम लवकर उरकायचं. माणसाला खरंच एवढा फरक पडतो का?"

तेवढ्यात शिंदेमामांची बायको दारात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला.

"साहेब, तुमी हितं हाय ते बरं झालं. ह्यांच्या कपड्यांना रोज पिकल्या केळ्यांचा वास येतो. घरी मातर एक केळं येत न्हाई."

शिंदेमामा खिडकीबाहेर बघायला लागले. चेअरमननी विचारलं, "आणि त्यांचं डोकं दुखायचं, ते?"

"ते कवाच थांबलं."

चेअरमन मॅडमकडे वळले. "ड्रम परत पाठवा."

"ड्रमाचं ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाली. "केळी जात्यात कुठं, ते इचारा."